प्राथमिक वर्गातील दैनंदिन लेखनाची परंपरा : मुलचेरा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शिक्षणाचा इतिहास बहुधा कायदे, आयोग, अनुदाने आणि संस्था यांच्या आधारे लिहिला जातो. वर्गात बसलेल्या मुलाने त्या दिवशी स्वतःच्या हाताने काय लिहिले, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच उपस्थित होतो. त्याचे एक कारण साधनांच्या अभावात आहे. प्राथमिक शाळेच्या कपाटात दाखल-खारीज रजिस्टर, हजेरीपट, शेरेबुक आणि शिक्षकांची टाचणे सांभाळली जातात. विद्यार्थ्यांच्या वह्या मात्र वर्ष संपताच रद्दीत जातात. म्हणजेच शाळेविषयी अधिकाऱ्याने काय लिहिले हे उपलब्ध असते, शाळेत मुलाने काय लिहिले हे उपलब्ध नसते.

मुलाने रोजच्या जगण्यातील चार ओळी रोज लिहाव्यात, हा उपक्रम अलीकडे नवा म्हणून सांगितला जातो. संगणक व मोबाइल आल्यानंतर त्याला 'अनुदिनी' असेही नाव मिळाले. प्रत्यक्षात या कल्पनेला सुमारे नऊ दशकांचा इतिहास असून त्याचा एक महत्त्वाचा टप्पा विदर्भातच, वर्ध्याजवळ घडला आहे. प्रस्तुत लेखात या परंपरेचा मागोवा घेऊन गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा या बहुभाषिक तालुक्याच्या संदर्भात तिचे महत्त्व तपासले आहे.

'रोजनिशी' आणि 'दप्तर' :

मराठीत रोज लिहिण्याची सवय प्रथम कारभारात रुजली. पेशव्यांच्या रोजनिशांमधून गणेश चिमणाजी वाड यांनी केलेले वेचे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. त्यांत हुकूम, नेमणुका, सूट, दंड आणि खर्च यांच्या नोंदी आहेत. रोजनिशी म्हणजे मनोगत नव्हे, तर राज्यकारभाराचा पुरावा होय. 'दप्तर' हा शब्दही याच व्यवहारातील. आज तो सरकारी अभिलेखांसाठी आणि मुलाच्या पाठीवरील पिशवीसाठी सारखाच वापरला जातो. पहिल्या दप्तरातील कागद इतिहासाचे साधन ठरले. दुसऱ्या दप्तरातील कागदांकडे त्या दृष्टीने पाहिले गेले नाही.

पंतोजींच्या शाळेत लेखनाचा अर्थ अक्षर वळवणे असाच होता. धूळपाटीवर अक्षर गिरवणे, पुढे कित्ता समोर ठेवून मोडी वळण घोटणे आणि हिशेब व पत्रांचे मायने शिकणे असा तो क्रम होता. 'कित्ता गिरवणे' या वाक्प्रचाराला पुढे अनुकरणाचा अर्थ आला तो यातूनच. इंग्रजी अमदानीत श्रुतलेखन व शुद्धलेखन यांची त्यात भर पडली. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली आणि तिचे अनुकरण भारतातील काही प्रांतांतही झाले. मोजता येईल तेवढेच लेखन तपासले जाऊ लागले. स्वतःची घटना स्वतःच्या शब्दांत सांगणारे लेखन मोजता येत नसल्याने ते प्राथमिक वर्गाबाहेर राहिले.

वर्धा योजना आणि दैनंदिन नोंद :

या स्थितीला पहिला मूलगामी छेद वर्ध्यात मिळाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद झाली. तिने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तव्यवसायाचे केंद्रस्थान या तत्त्वांचा पुरस्कार केला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अहवाल दिला. १९३८ मध्ये सेवाग्राम येथे हिंदुस्तानी तालिमी संघ स्थापन झाला आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम व आशादेवी यांनी त्याची धुरा वाहिली.

या अहवालाची चर्चा प्रामुख्याने टकळी व सूतकताई यांच्या अनुषंगाने होते. मातृभाषेच्या अभ्यासक्रमाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. नित्याच्या घटनांचे साध्या व स्पष्ट शैलीत लेखी वर्णन करता येणे, हे समितीने मातृभाषा-शिक्षणाचे एक उद्दिष्ट मानले होते. सहकारी कामासाठी गावात भरलेल्या सभेचा वृत्तांत लिहिणे हे उदाहरणही अहवालातच दिले आहे. येथे मुलाच्या लेखनाला प्रथमच गावातील व्यवहाराशी जोडले गेले. बुनियादी शाळांमध्ये झालेल्या कामाची रोजची नोंद ठेवणे हा शिक्षणाचा भाग होता. किती सूत निघाले आणि किती वेळ लागला, यांसारख्या नोंदींतून गणित व भाषा एकत्र शिकवली जात.

त्या काळी चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली, मध्य प्रांत व वऱ्हाडात समाविष्ट होता. याच प्रांतात पंडित रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना पुढे आणली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर खेड्यातील शाळा चालवावी, अशी ती कल्पना होती. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा राजकीय आधार गेला. स्वातंत्र्योत्तर काळात बुनियादी शिक्षण धोरणात नावापुरते उरले व पुढे मागे पडले. त्याबरोबर दैनंदिन नोंदही अभ्यासक्रमातून निसटली.

लेखनाचा वाचक कोण? :

दैनंदिन लेखनाच्या इतिहासात दोन प्रवाह दिसतात. एका प्रवाहात लेखनाचा वाचक वडीलधारा असतो. गांधीजी आश्रमीयांना रोजनिशी ठेवण्यास सांगत. मनू गांधी यांची रोजनिशी ते वाचत व तिच्यावर सही करीत. या पद्धतीत रोजनिशी आत्मपरीक्षणाचे साधन असते. मात्र आपले लेखन कोण वाचणार आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असल्याने त्यावर एक मर्यादाही येते.

दुसऱ्या प्रवाहात वाचक समवयस्क असतो. फ्रान्समधील प्राथमिक शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४ मध्ये बार-सुर-लू येथील खेड्याच्या शाळेत लहान छपाईयंत्र आणले. मुले आपल्या अनुभवावर मजकूर लिहीत, वर्गात चर्चा करून तो सुधारीत, खिळे जुळवून छापीत आणि दूरच्या ब्रिटनी प्रांतातील त्रेगंक येथील शाळेला पाठवीत. तिकडूनही मजकूर येई. डोंगरातील मुलांनी समुद्रकाठच्या मुलांना आपले गाव समजावून द्यायचे असल्याने लेखनाला खरे प्रयोजन मिळाले. संगणकीय अनुदिनीत जे नवे मानले जाते, ते बव्हंशी येथे आधीच घडलेले आहे.

महाराष्ट्रात याच दशकात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय' हे दैनिक हाताने लिहून काढीत. ते माध्यमिक शाळेतील होते आणि लेखणी शिक्षकाची होती, हा फरक नमूद केला पाहिजे. तथापि वसतिगृहातील रोजचे जीवन हा लेखनाचा विषय होऊ शकतो, हे त्यातून दिसून आले. पुढे मराठी शाळांतून हस्तलिखित आणि भित्तिपत्रक या प्रथा रूढ झाल्या. मात्र हस्तलिखित वर्षातून एकदा निघते. त्यात निवडक मुलांचे निवडक लेखन सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले जाते आणि पाहुण्यांना दाखवले जाते. उरलेल्या मुलांचे नित्याचे लेखन प्रश्नोत्तरांपुरतेच राहते.

मुलचेरा : भाषेचा प्रश्न :

मुलचेरा तालुक्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील बारा तालुक्यांपैकी हा एक. येथे गोंडी व माडिया बोलणारी कुटुंबे आहेत, मराठी भाषक आहेत, दक्षिणेकडील संपर्कामुळे तेलुगू आहे आणि १९६० च्या दशकात तत्कालीन पूर्व पाकिस्तानातून येऊन या भागात वसवलेल्या निर्वासितांची बंगाली वस्तीही आहे. शाळेची भाषा प्रामुख्याने प्रमाण मराठी आहे. येथील मराठी मुलाच्या घरची बोलीही झाडी आहे. घरातील 'पानी' वहीत 'पाणी' झाले नाही, तर लाल रेघ येते. म्हणजे कमीअधिक प्रमाणात येथील प्रत्येक मूल दुसऱ्या भाषेत लिहायला शिकते.

अशा वर्गात मुलाला 'आजचा दिवस लिही' असे सांगितले, तर दोन शक्यता संभवतात. पहिली शक्यता अशी की, फळ्यावरील नमुना उतरवला जातो : सकाळी उठलो, दात घासले, शाळेत गेलो. सर्वांच्या वहीत तोच दिवस उमटतो. हा कित्त्याचाच नवा अवतार होय. दुसरी शक्यता अशी की, मूल खरा दिवस लिहू पाहते. मार्च-एप्रिलमध्ये ते पहाटे घरच्यांबरोबर मोहफुले वेचून आलेले असते; पावसाळ्यात धानाच्या रोवणीमुळे चार दिवस गैरहजर असते; तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्याच्या सुटीत येत असल्याने तो अनुभव शाळेत पोहोचतच नाही. या गोष्टी सांगायला त्याच्याजवळ शब्द असतात, पण ते शाळेच्या भाषेत नसतात. हजेरीपटावर जी केवळ गैरहजेरी असते, ती त्याच्या वहीत एक अनुभव म्हणून येऊ शकते. परंतु त्यासाठी घरचा शब्द वहीत लिहिण्याची मुभा हवी.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. व्यवहार्य असेल तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे, असे त्याच्या कलम २९ मध्ये म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक आहे. तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, आणि मान्यतेअभावी तिला याच अधिनियमाखालील अडचणींना तोंड द्यावे लागले. हा विरोधाभास लक्षणीय आहे.

नोंदी कोणाच्या? :

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षणाचा समावेश झाला आणि शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी ठेवाव्यात, अशी अपेक्षा व्यक्त झाली. हेतू उत्तम होता. परंतु अनेक वर्ग हाताळणाऱ्या शिक्षकावर त्याचा भार पडला आणि तयार नोंदींच्या याद्या सर्वत्र फिरू लागल्या. मुलांच्या वहीतील कित्ता अशा रीतीने शिक्षकांच्या वहीत आला. मुलाविषयीच्या नोंदींचा एक भाग मुलानेच लिहिलेल्या दैनंदिन ओळींवर आधारला असता, तर शिक्षकाचे काम हलके झाले असते व नोंदही अधिक खरी झाली असती.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्यावर वहीच्या पानाचे छायाचित्र मोबाइलवरून शिक्षकाला पाठवणे हा अनेक ठिकाणी नित्याचा व्यवहार झाला. यामुळे लेखनाचा वाचक विस्तारला, तसा धोकाही वाढला. रोजच्या लेखनात घरातील आजारपण, कर्ज, भांडण, स्थलांतर सहज येते. वर्गाच्या भिंतीत जे सुरक्षित असते, ते सार्वजनिक पडद्यावर सुरक्षित राहत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आहे. लिपीच्या बाबतीत मात्र साधने पुढे गेली आहेत. मसराम गोंडी लिपीचा २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी लिपीचा २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समावेश झाला. तंत्राने दिलेली ही सोय वर्गापर्यंत आणण्याचे काम शिल्लक आहे.

दैनंदिन लेखन आणि ग्रामसभा :

हा विषय केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. वनहक्क अधिनियम २००६ नंतर गडचिरोलीतील ग्रामसभांवर वनव्यवस्थापनाची जबाबदारी आली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणे व टिकवणे हे लेखी नोंदींवर अवलंबून असते : दावा, नकाशा, ठराव, बांबू व तेंदूच्या विक्रीचा हिशेब आणि सभेचे प्रोसिडिंग. ठराव गावाने घेतला पण लिहिला दुसऱ्याने, तर त्याच्या शब्दांवर गावाचे नियंत्रण राहत नाही. १९३७ च्या अहवालात गावसभेच्या वृत्तांताचे जे उदाहरण दिले होते, ते या जिल्ह्यात सत्तर वर्षांनी व्यवहारात अनिवार्य झाले. आज तिसरी-चौथीत आपला दिवस स्वतःच्या शब्दांत लिहिणारे मूलच उद्या हे प्रोसिडिंग लिहिणार आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, दैनंदिन लेखन हा उपक्रम संगणकाने निर्माण केलेला नसून त्याची मुळे नई तालीममध्ये व फ्रेने यांच्यासारख्या शिक्षकांच्या कार्यात आहेत. साधन बदलले, प्रश्न तेच राहिले. दुसरा, हा उपक्रम जेथे जेथे क्षीण झाला, तेथे त्याचे कारण साधनांच्या अभावापेक्षा लेखनाचे पुन्हा कित्त्यात रूपांतर होणे हे होते. तिसरा, मुलचेरासारख्या परिसरात घरच्या भाषेला वहीत स्थान मिळाल्याशिवाय रोजचे लेखन खरे होऊ शकत नाही. चौथा, मुलाच्या संमतीशिवाय व पालकांच्या माहितीशिवाय असे लेखन वर्गाबाहेर जाऊ नये.

स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास व मराठी विभागांना यात एक काम करता येण्याजोगे आहे. परिसरातील शाळांच्या सहकार्याने, योग्य ती संमती घेऊन व नावे वगळून, प्रतिवर्षी काही वह्या जतन केल्यास दोन-तीन दशकांत या वनप्रदेशाच्या सामाजिक व भाषिक इतिहासाचे असे साधन तयार होईल, जे कोणत्याही शेरेबुकात मिळणार नाही. त्यासाठी लागणारा खर्च अल्प आहे. एक कपाट, एक सूची आणि वर्ष संपण्यापूर्वी शाळेत जाऊन येण्याची तत्परता एवढ्यावर त्याचा आरंभ होऊ शकतो.