माहेर अ‍ॅक्रन, सासर वायकिकी

हवा भरली की वस्तू गोल होते. मशक गोल, ट्रकची ट्यूब गोल, जत्रेतला फुगा गोल. आत कोंडलेली हवा चहूबाजूंनी सारख्याच जोराने रेटते, आणि कापडाला त्यापुढे गोल होण्यावाचून गत्यंतर नसतं. निमरूदच्या राजवाड्यातल्या कोरीव शिळा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांवर असुरनासिरपाल दुसरा या अ‍ॅसिरियन राजाच्या काळचे, म्हणजे इसवी सनपूर्व नवव्या शतकातले सैनिक फुगवलेली कातडी पोटाशी धरून नदी पार करताना दिसतात. आपल्याकडे सतलजवर म्हशीच्या फुगवलेल्या कातड्यावर पालथं पडून उतारूंना पैलतीरी नेणारे लोक एकोणिसाव्या शतकातही होते. पोटावर पडा, मिठी मारा, कडेला लोंबकळा. हवेच्या आधाराने पाण्यावर जायचं ते असंच. उभं राहायला सपाटी लागते, आणि हवेला सपाटी मान्य नाही.

आज मात्र साडेदहा फूट लांब, पंधरा सेंटिमीटर जाड आणि हवा काढली की गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत मावणारा पॅडलबोर्ड विकत मिळतो. त्यावर माणूस उभा राहून वल्हं मारतो. उत्साही मंडळी शीर्षासनही करतात. ही सपाटी कुठून आली ते ठाऊक असलं, तर दुकानात कोणता बोर्ड उचलायचा हे अर्धंअधिक आपोआप समजतं. म्हणून आधी कूळ पाहू.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे रबराचं गाव. तिथली गुडइयर कंपनी टायरसाठी प्रसिद्ध असली, तरी तिची विमानशाखा हवाई जहाजं (एअरशिप) बांधत असे, त्यामुळे रबरी कापडात हवा कोंडण्याची विद्या घरचीच होती. १९५६ साली या शाखेने अवघ्या बारा आठवड्यांत एक विमान तयार केलं. नाव ‘इन्फ्लेटोप्लेन’. पंख, धड, शेपूट, सगळं हवा भरलेलं. शत्रूच्या मुलखात वैमानिक अडकला की सव्वा घनमीटरच्या पेटीत घडी घालून हे विमान वरून टाकायचं, त्याने पाचेक मिनिटांत फुगवायचं, चाळीस अश्वशक्तीचं इंजिन हाताने फिरवून चालू करायचं आणि उडून यायचं, अशी ती योजना. पंखांचा पसारा बावीस फूट. आतला दाब पंचवीस पीएसआय, म्हणजे तुमच्याआमच्या मोटारीच्या चाकात असतो त्याहून कमीच.

फुगवलेला पंख भोपळ्यासारखा गोल झाला असता तर विमान उडालं नसतं. तो चपटा राहिला तो ‘एअरमॅट’ नावाच्या कापडामुळे, आणि माझ्या मते या सगळ्या कथेचा खरा नायक हे कापडच आहे. इचलकरंजी-भिवंडीच्या वाचकाला पुढचं सांगावं लागणार नाही, इतरांसाठी सांगतो. मखमल विणण्याची एक पद्धत अशी: एकाच मागावर दोन कापडं एकावर एक, मध्ये थोडं अंतर ठेवून विणायची. ताण्यातले काही धागे वरच्या कापडातून खालच्यात, खालच्यातून पुन्हा वरच्यात असे खेळवायचे. मग दोहोंच्या मधून पातं फिरतं, ते मधले धागे बरोब्बर अर्ध्यात कापले जातात आणि मऊ लव असलेली दोन मखमली ठाणं सुटी होतात. हे पातं फिरवलंच नाही, उलट मधले धागे मजबूत घेतले आणि बोटा-दोन बोटांचे, वितीचे केले, तर? दोन कापडं हजारो धाग्यांनी एकमेकांना बांधलेली राहतील. त्यांच्या बाहेरच्या अंगाला रबराचा लेप द्या, कडा बंद करा, हवा भरा. हवा दोन्ही कापडांना दूर ढकलू पाहील, धागे ताठ होतील आणि त्यांच्या लांबीपलीकडे कापडाला एक तसूभरही सरकू देणार नाहीत. हवेला गोल व्हायचं असतं, धागे होऊ देत नाहीत. आज या कापडाला सगळे ‘ड्रॉप-स्टिच’ म्हणतात.

विमानाचं पुढे फारसं काही झालं नाही. एकंदर बारा बांधली गेली, चाचणीत एका लष्करी वैमानिकाचा जीव गेला, आणि १९७३ मध्ये प्रकल्प गुंडाळला. नेम धरून मारलेल्या बाणानेही जे खाली येईल अशा विमानाचा लष्कराला उपयोग काय, असा शेरा पडल्याची गोष्ट सांगतात. शेरा खुमासदार असला तरी थोडा अन्यायाचा. इंजिन सतत आत हवा ढकलत राहायचं, त्यामुळे बंदुकीच्या सहा गोळ्यांची भोकं पडूनही दाब टिकेल असं मानलं जात होतं. कापड मात्र वाया गेलं नाही. रबरी होड्यांचे तळ, कसरतपटूंच्या फुगीर गाद्या अशा ठिकाणी ते हळूहळू रुजलं.

दुसरं कूळ हवाईचं, वायकिकीच्या किनाऱ्यावरचं. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथले ‘बीच बॉइज’ पर्यटकांना लाटांवर स्वार व्हायला शिकवत. त्यातले काही जण होडीचं वल्हं घेऊन बोर्डावर उभेच राहत. वरून लाट लवकर दिसते, शिकाऊ मंडळींवर नजर राहते, आणि त्यांचे फोटोही काढता येतात. या प्रकाराशी जॉन अह् चॉय आणि त्यांच्या मुलांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. वडिलांचे गुडघे धरले होते, सारखं उठबस करणं जमेना म्हणून ते उभे राहत, असंही सांगितलं जातं. तसं असेल तर जगभरच्या गुडघेदुखीवाल्यांनी या खेळाकडे जरा आपुलकीने पाहायला हरकत नाही.

हा प्रकार अनेक वर्षं किनाऱ्याबाहेर गेला नाही. १९९० च्या दशकात माउई बेटावर लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा हे नामांकित लाटस्वार लाटा नसलेल्या दिवशी सरावासाठी मोठ्या बोर्डावर उभे राहून वल्हं मारू लागले. नेहमीची वल्ही आखूड पडत, म्हणून लांब करून घेतली. नव्या शतकात ही लाट कॅलिफोर्नियात पोचली आणि मग तळ्याकाठच्या, नदीकाठच्या लोकांच्या लक्षात आलं की याला समुद्र लागत नाही. मात्र फायबरचा अकरा फुटी बोर्ड ठेवायला घरात भिंत लागते आणि न्यायला गाडीवर कॅरिअर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने तो लिफ्टमध्ये कसा घालायचा?

इथे दोन्ही कुळं जुळली. २००८ च्या आसपास ड्रॉप-स्टिच कापडाचे पॅडलबोर्ड बाजारात येऊ लागले. इंग्लंडमधली रेड पॅडल ही कंपनी याच सुमाराची. सुरुवातीचे बोर्ड दहा सेंटिमीटर, म्हणजे चार इंच जाडीचे असत आणि जड माणूस उभा राहिला की मधोमध पोटात घेत. कुणी कडेला ताठ पट्ट्या सरकवून पाहिल्या. खरा इलाज धागे लांब करणं हाच निघाला: जाडी सहा इंचांवर गेली. कापड तेच ठेवून जाडी दीडपट केली की वाकण्याला होणारा विरोध सव्वादोन पटींच्या घरात जातो. आता यातलं बरंचसं उत्पादन चीनमध्ये होतं; शानदोंग प्रांतातलं वेइहाई हे त्याचं मोठं केंद्र.

आता दुकानात शिरू. नव्याने शिकणाऱ्या, साधारण साठ ते नव्वद किलो वजनाच्या माणसाने दहा-अकरा फूट लांब, बत्तीस ते चौतीस इंच रुंद आणि सहा इंच जाड बोर्ड घ्यावा. पुढून गोलसर असतो तो सर्वसाधारण वापराचा. निमुळता, टोकदार असतो तो लांब पल्ल्याचा, त्याच्या वाट्याला पहिल्या वर्षी जाऊ नये. तोल रुंदीवर असतो, वेग लांबीवर. सहा इंचांचा एक तोटा विक्रेते सांगत नाहीत: तुम्ही पाण्यापासून जास्त वर उभे राहता आणि जाड कडा वाऱ्याला आयतीच सापडते. हलक्या अंगाच्या व्यक्तीला किंवा मुलांना पावणेपाच इंची बोर्ड खरोखर बरा. चारइंची आता स्वस्तातही घेऊ नये.

सहाइंची बोर्ड सुमारे तीनशे लिटरचा असतो, आणि त्यात पंधरा पीएसआयच्या आसपास दाब भरायचा असतो. हिशेब करून पाहा. पंधरा पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. बोर्डाचा वरचा पृष्ठभाग साधारण दोन चौरस मीटर. म्हणजे वरच्या आणि खालच्या कापडाला एकमेकांपासून तोडू पाहणारा जोर वीस टनांचा! दोन भरलेले ट्रक म्हणा. तो पेलतात आतले धागे. रंग, नक्षी, वर चिकटवलेली मऊ गादी दुकानात दिसते. पैसे ज्याचे द्यायचे ते दिसत नाही. म्हणून विक्रेत्याला कापडाचे थर किती, ते चिकटवलेले आहेत की कारखान्यातच एकजीव केलेले, कडेच्या पट्ट्या एकेरी की दुहेरी, आणि हमी किती वर्षांची, हे खोदून विचारावं. त्याला सांगता येत नसेल तर बोर्ड स्वस्तातला आहे असं समजून चालावं.

पंपाची गंमतही यातच आहे. तीनशे लिटर हवा भरली की बोर्ड पूर्ण आकाराला आलेला दिसतो, आणि काटा मात्र शून्याजवळच. पंप बिघडला असं वाटून पुष्कळजण तिथेच थांबतात. पण एक वातावरण जादा दाब द्यायचा तर त्याच जागेत आणखी तीनशे लिटर कोंबायची असते; म्हणजे दिसायला काम संपलेलं असताना निम्मं बाकी आहे, आणि जड निम्मं तेच. शेवटी पंप एकेरी करून अंगाचा भार टाकावा लागतो. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा पंप मिळतो, आणि मी तो चैनीत धरत नाही, कारण दमून दहा पीएसआयवर सोडलेला चांगला बोर्ड वाईट बोर्डासारखाच वागतो: मध्ये दबतो, पाय डळमळतात, आणि शिकणारा दोष स्वतःच्या तोलाला देतो.

बोर्डाबरोबर पायाला बांधायची दोरी येते. तळ्यावर ती बांधावीच. बोर्डावरून पडलात तर वारा बोर्डाला तुमच्या पोहण्याहून जलद नेतो. वाहत्या नदीत मात्र घोट्याला बांधलेली दोरी अडथळ्यात गुंतली की प्रवाह माणसाला खाली खेचतो आणि हात घोट्यापर्यंत पोचत नाही. वेल्समध्ये हॅवरफर्डवेस्टच्या बंधाऱ्यावर ३० ऑक्टोबर २०२१ रोजी झालेल्या दुर्घटनेत चार पॅडलबोर्डर गेले. त्यानंतर ब्रिटनमध्ये या दोरीविषयी बरीच चर्चा झाली. नदीसाठी कमरेचा, एका हिसक्यात सुटणारा पट्टा वेगळा मिळतो. पवना-मुळशीसारख्या धरणांच्या पाण्यावर जाणाऱ्यांनी आधी परवानगी विचारावी, लाइफ जॅकेट अंगावर घालावं (बोर्डाला बांधून ठेवू नये), आणि सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करावी, म्हणजे परत येताना दमलेल्या माणसाला वारा मदत करतो.

आपल्याकडचं ऊन ही वेगळीच बाब. सकाळी पंचवीस अंशांवर पंधरा पीएसआय भरलेला बोर्ड दुपारी काठावर पडून पंचावन्नपर्यंत तापला, तर दाब अठरावर जातो, आणि गरम झालेला गोंद त्याच वेळी मऊ पडलेला असतो. पाण्यात असतो तोवर बोर्ड थंड राहतो. बाहेर काढला की सावलीत ठेवावा किंवा थोडी हवा सोडावी.

जुना बोर्ड घ्यायचा झाल्यास विकणाऱ्याच्या घरी जाऊन पूर्ण दाबाने फुगवायला सांगावं आणि शक्य तर रात्रभर तसाच ठेवायला लावावा. सकाळी दाब थोडा उतरला तर व्हॉल्व्हभोवती आणि कडेच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहावेत. व्हॉल्व्ह ढिला असेल तर पान्याने आवळता येतो, छोटं भोक ठिगळाने बुजतं, आणि अशा बोर्डाची किंमत पाडून मागायलाही हरकत नाही. पण वरच्या सपाटीवर तळव्याएवढा जरी उंचवटा आलेला दिसला तर तिथले आतले धागे तुटले किंवा सुटले आहेत. ते बाहेरून कुणाला शिवता येत नाहीत, आणि शेजारच्या धाग्यांवर त्यांचा भार आधीच पडलेला असतो. तो बोर्ड फुकटही घेऊ नये.