विजेवर चालणारा राऊटर : निवड, वापर आणि निगा

लाकडात सरळ खाच पाडणे, फळीच्या कडेला गोलाई देणे, चौकटीत बिजागरीसाठी जागा कोरणे, लॅमिनेटची वाढलेली कड प्लायवूडच्या पातळीत आणणे ही कामे पूर्वी पटाशी, रंधा आणि हाताला जडलेली सवय यांच्या बळावर होत असत. आज गोव्यातील अनेक मेस्त ती राऊटर या विजेच्या यंत्रावर करतात. घरच्या घरी लाकूडकाम करणाऱ्या हौशी मंडळींकडेही हे यंत्र दिसू लागले आहे.

राऊटरची रचना साधी असते. वर उभी मोटर, तिच्या खालच्या टोकाला बिटाचा दांडा पकडणारे कॉलेट, कॉलेटमध्ये धारदार बिट आणि लाकडावर सरकणारी सपाट बैठक. मात्र साधे ड्रिल मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेत असेल, तर राऊटर २०,००० ते ३०,००० फेरे घेतो. म्हणून ड्रिलची सवय राऊटरच्या कामी येत नाही. खरेदीच्या वेळी सर्वांचे लक्ष वॉटच्या आकड्याकडे असते. काम नेटके होणे आणि बोटे शाबूत राहणे हे मात्र तीन गोष्टींवर अवलंबून असते : कॉलेटची पकड, बिटाचा वेग आणि यंत्र ढकलण्याची दिशा.

निवड

बाजारात मुख्यत्वे दोन प्रकार मिळतात. पहिला एका हातात मावणारा, ज्याला ट्रिमर म्हणतात. त्याची शक्ती साधारण ५०० ते ७०० वॉट असते. लॅमिनेटची कड कापणे, लहान गोलाई, उथळ खाचा आणि बिजागरीची जागा यांसाठी तो पुरेसा आहे. दुसरा दोन मुठींचा मोठा राऊटर, साधारण १,६०० वॉट व त्याहून अधिक शक्तीचा. यातील प्लंज प्रकारात मोटर दोन खांबांवरून खाली दाबता येते. त्यामुळे फळीच्या मध्यभागी, कड न फोडता, खाच सुरू करता येते. चौकटीचे सांधे, खोल खाचा आणि रुंद नक्षी यांसाठी हाच घ्यावा. वेग कमी-जास्त करण्याची सोय आणि सुरू होताना झटका न देणारी रचना या दोन गोष्टी मोठ्या यंत्रात असाव्यातच.

घरातील वीजजोडणीचाही विचार करावा. १,८५० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर वीज ओढते. त्यासाठी ६ अँपिअरचा साधा सॉकेट चालत नाही, १६ अँपिअरचा लागतो. ट्रिमरला ३ अँपिअर पुरतात. जोडवायर तांब्याची आणि मोठ्या यंत्रासाठी २.५ चौरस मि.मी. जाडीची असावी. ती गुंडाळीवर असेल तर पूर्ण उलगडून वापरावी, अन्यथा गुंडाळी तापते.

कॉलेट आणि बिट

सर्वाधिक चुका येथे होतात. आपल्याकडे मिलिमीटर आणि इंच या दोन्ही मापांचे बिट एकाच दुकानात मिळतात. ६ मि.मी. आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मि.मी., हे दांडे डोळ्यांना सारखेच वाटतात. १२ मि.मी. आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी., यांचेही तसेच. पाव इंचाच्या कॉलेटमध्ये ६ मि.मी.चा दांडा आवळला गेल्यासारखा भासतो, परंतु काम करताना तो सैल होतो. अशा वेळी बिट खाली सरकून फळीची नासाडी करतो किंवा तुटून उडतो. म्हणून यंत्राच्या कॉलेटचे माप लिहून ठेवावे आणि त्याच मापाचा बिट घ्यावा.

बिट बसविताना दांडा पूर्ण आत घालून २ ते ३ मि.मी. बाहेर घ्यावा आणि मग पान्याने आवळावा. दांड्याचा निदान तीन-चतुर्थांश भाग कॉलेटमध्ये असावा. बिट नसताना कॉलेटचे नट कधीही आवळू नये, त्याने कॉलेटचा आकार बिघडतो. काही यंत्रांत बिट काढताना नट एकदा सैल होऊन पुन्हा घट्ट लागतो. तेथे हातोडी न मारता पान्याने तोच आणखी फिरवावा, म्हणजे बिट सुटतो.

सागवानात सिलिका असते आणि प्लायवूडमध्ये डिंकाचे थर असतात. दोन्हींमुळे साध्या पोलादाची धार लवकर जाते. त्यासाठी टंगस्टन कार्बाइडच्या धारेचे बिट महाग असले तरी तेच परवडतात.

वेग

बिट जितका रुंद, तितका वेग कमी ठेवावा. मिनिटाला २२,००० फेऱ्यांवर १२ मि.मी. व्यासाच्या बिटाची धार ताशी सुमारे ५० कि.मी. वेगाने फिरते. त्याच फेऱ्यांवर ५० मि.मी. बिटाची धार ताशी २०० कि.मी.च्या पुढे जाते. साधारणतः २५ मि.मी.पर्यंतचा बिट पूर्ण वेगाने, ५० मि.मी.पर्यंतचा १८,००० फेऱ्यांच्या आत आणि त्याहून रुंद बिट १६,००० वा त्याहून कमी फेऱ्यांवर चालवावा. बिटावर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. बहुतेक ट्रिमरचा वेग सुमारे ३०,००० फेऱ्यांवर कायम असतो, म्हणून त्यात रुंद बिट लावणे धोक्याचे आहे.

दिशा आणि खोली

हातात धरलेल्या राऊटरचा बिट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. म्हणून फळीच्या बाहेरील कडा कापताना यंत्र काट्यांच्या उलट दिशेने फिरवावे. आपल्या समोरच्या कडेवर ते डावीकडून उजवीकडे न्यावे. चौकटीच्या आतील कडांसाठी हीच दिशा उलटी होते. चुकीच्या दिशेने ढकलल्यास बिट लाकडावर चाकासारखा धावतो आणि यंत्र हातातून पुढे ओढले जाते. सरळ खाचेसाठी पट्टी क्लँपने आवळून यंत्र पुढे ढकलायचे असेल, तर पट्टी यंत्राच्या डाव्या बाजूला असावी. बिटाचा ओढा डावीकडे असल्याने यंत्र पट्टीला टेकून राहते.

खोल खाच एका दमात पाडू नये. १२ मि.मी. खोलीसाठी मोठ्या यंत्रानेही ४-४ मि.मी.चे तीन फेरे घ्यावेत. ट्रिमरने प्रत्येक फेरा २ ते ३ मि.मी.चाच ठेवावा. चारही कडा कापायच्या असल्यास आधी तंतूंना आडव्या असलेल्या कडा कापाव्यात, म्हणजे कोपऱ्यावर उडालेली चिरफळी पुढील लांब कडेच्या फेऱ्यात निघून जाते. लाकूड काळे पडू लागले, तर यंत्र फार सावकाश चालले आहे किंवा बिट बोथट झाला आहे असे समजावे.

सुरक्षितता

बिट बदलण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून काढावा, केवळ बटण बंद करून भागत नाही. फळी हाताने न धरता क्लँपने आवळावी. बिट लाकडाला टेकलेला असताना यंत्र सुरू करू नये, आणि बंद केल्यावर बिट पूर्ण थांबेपर्यंत यंत्र उचलू नये. सैल बाह्या, लोंबणारा धागा आणि हातमोजे टाळावेत. डोळ्यांना चष्मा व कानांना संरक्षण हवेच. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडविणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात नोंदविली आहे, आणि सागवानाच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज सुटते. म्हणून रुमाल न बांधता एन-९५ मुखपट्टी वापरावी आणि शक्य तेथे यंत्राला धूळ ओढणारी नळी जोडावी. जोडणीत ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक उपकरण असल्यास विजेच्या धक्क्यापासून मोठे संरक्षण मिळते.

निगा

प्रत्येक कामानंतर मोटरच्या झरोक्यांतील भुसा ब्रशने वा हवेच्या झोताने काढावा. कॉलेट वेगळे करून आतून कोरड्या ब्रशने साफ करावे. त्यात तेल घालू नये, तेलाने पकड निसटते. बिटावर चिकटलेली राळ रॉकेलने पुसावी, परंतु बेअरिंग त्यात बुडवू नये, त्यातील ग्रीस निघून जाते. मोटरमध्ये ठिणग्या वाढल्या किंवा यंत्र थांबत-थांबत चालू लागले, तर कार्बन ब्रश पाहावेत. ते ५ ते ६ मि.मी. उरले असल्यास दोन्ही एकदम बदलावेत. मुठीजवळ वायरचे आवरण फाटलेले असेल, तर चिकटपट्टी न लावता वायरच बदलावी.

पावसाळ्यात आपल्याकडील दमट हवेने बिट आणि प्लंजचे खांब महिनाभरात गंजू शकतात. यंत्र कोरड्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, आणि खांब कोरड्या कापडाने पुसून त्यांवर कोरड्या वंगणाचा हलका हात द्यावा. चवथीच्या आधी मखराचे काम काढताना यंत्र पहिल्यांदा बाहेर येत असेल, तर आधी कॉलेट, वायर आणि बिट तपासावेत. नंतर टाकाऊ फळीवर एक फेरा घेऊन आवाज व कंप नेहमीसारखे असल्याची खात्री करावी आणि मगच चांगल्या लाकडाला हात लावावा.