हिवताप आणि जनुकाची कळ

माझी शाळा चौथीतच सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि मोफत वाचनालयात झाले. तेव्हा प्राध्यापकाचा आव मी आणणार नाही. पण ही हकिगत मजुरांच्या घामाशी जोडलेली आहे, म्हणून सांगतो.

अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीचे कैवारी म्हणत, काळ्या माणसाला ताप बाधत नाही. दलदलीतली मेहनत निसर्गाने त्याच्यासाठीच राखून ठेवली आहे! मालकाला निसर्ग नेहमी असाच सोयीस्कर सापडतो.

या बोलण्यात खरे किती? १९५० साली डफी नावाचा रक्तगट उजेडात आला. १९५५ मध्ये दिसले की अमेरिकेतल्या बहुसंख्य काळ्या लोकांच्या तांबड्या पेशींवर डफीची खूणच नाही. १९७६ मध्ये लुई मिलर व सहकाऱ्यांनी, व्हायव्हॅक्स या हिवतापाचे डास पूर्वी चावलेल्या १७ स्वयंसेवकांचे रक्तगट तपासले. पाचच जणांच्या रक्तात जंतूचे काही चालले नव्हते, आणि ते पाचही डफीवाचूनचे. जंतूला आत शिरायचे दारच तेथे नव्हते.

मग जनुक मोडले होते काय? नाही! १९९५ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी दाखवले की जनुकाचा मजकूर शाबूत आहे. त्याच्या अलीकडे, हुकूम घेण्याच्या जागी, एकच अक्षर बदलले आहे. त्यामुळे तांबड्या पेशींत डफी तयार होत नाही, शरीरात इतरत्र होतच राहतो. गिरणी चालू, एका खात्याचा पट्टा तेवढा उतरवलेला.

ही निसर्गाची निवड की नुसता योगायोग? फायद्याचा बदल झपाट्याने पसरला, तर शेजारची अक्षरेही त्याच्याबरोबर ओढली जातात आणि भोवतालच्या मजकुरातली विविधता घटते. आफ्रिकेतल्या नमुन्यांत २००० साली हॅम्ब्लिन आणि डी रिएन्झो यांना नेमकी हीच घट दिसली. पश्चिम व मध्य आफ्रिकेत आज जवळजवळ प्रत्येकाजवळ हा बदल आहे. त्याआधी १९९९ मध्ये पापुआ न्यू गिनीत तेच अक्षर, पण जनुकाच्या वेगळ्या प्रकारावर बदललेले सापडले होते. म्हणजे वंशाचा संबंध नाही; तापाच्या मुलखात तीच कळ दोनदा फिरली.

आणि मालकांचा तो दावा? डफी नसला तरी फाल्सिपेरम हा खरा जीवघेणा हिवताप अडत नाही. आफ्रिकेत मुले दगावतात ती मुख्यतः त्यानेच. व्हायव्हॅक्सविरुद्धची तटबंदीही अभेद्य नाही: २०१० मध्ये मादागास्करमध्ये डफी नसलेल्या माणसांच्या रक्तातही तो जंतू सापडला.