घोट्याच्या सोनोग्राफीची कुळकथा

फुटबॉल खेळताना पाऊल आत वळतं, घोट्याची बाहेरची बाजू सुजते, आणि नोएडातले डॉक्टर सोनोग्राफी लिहून देतात. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. घोटा बाहेरून सांभाळणाऱ्या तीन लिगामेंटांपैकी बहुतेकदा पुढचं, एटीएफएल (अँटिरियर टॅलोफिब्युलर लिगामेंट), दुखावतं. ते पडद्यावर पाहण्याची विद्या आली कुठून?

1880 साली पिएर आणि जाक क्युरी या भावांना आढळलं, की क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यावर वीजभार उमटतो. वीज दिली की स्फटिक थरथरतो, हेही लवकरच कळलं. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी याच थरथरीतून निघणाऱ्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून पाणबुड्यांचा माग काढण्याचे प्रयोग केले. पुढे पोलादातल्या भेगा शोधायला प्रतिध्वनी वापरात आला आणि तिथून तो वैद्यकात शिरला. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड 1955 मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर कंपनीच्या रेनफ्रू इथल्या कारखान्यात गेले. तिथल्या भेगा शोधणाऱ्या यंत्रावर घट्ट गाठीचा आणि पाण्याने भरलेल्या गाठीचा प्रतिध्वनी वेगवेगळा आला. 1958 साली त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, त्यात गर्भाच्याही प्रतिमा होत्या.

घोट्याची पाळी बरीच उशिरा आली. ध्वनीची वारंवारता जितकी जास्त, तितका तपशील बारीक, पण खोली कमी. लिगामेंट त्वचेलगत असल्याने तिथे 10 ते 15 मेगाहर्ट्झचा किंवा त्याहून वरचा सपाट प्रोब चालतो. धड लिगामेंट उजळ, तंतुमय पट्ट्यासारखं दिसतं. फाटलं की पट्टा तुटतो, जाड होतो, भोवती पाणी साचतं. प्रोब जरा तिरका झाला तरी चांगलं लिगामेंटही काळं दिसतं, म्हणून इथे सगळी भिस्त तपासणाऱ्याच्या हातावर. टाच पुढे ओढून सांधा किती सैल झालाय ते चालू चित्रातच पाहता येतं, दुसऱ्या पायाशी ताडून बघता येतं. एमआरआयच्या स्थिर चित्रात हे साधत नाही. मला या तपासणीचं खरं मोल इथेच दिसतं.

प्रोब बदलला की याच यंत्रावर गर्भही दिसतो, आणि भारतात या कुळकथेला महाराष्ट्राचा धागा जुळतो तो इथे. गर्भलिंगनिदानासाठी होणाऱ्या गर्भचाचण्यांच्या गैरवापराविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा 1994 चा कायदा 1996 पासून लागू झाला, पण कागदावरच राहिला. तेव्हा मुंबईची ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर 2003 च्या दुरुस्तीने नोंदणी नसलेल्यांना सोनोग्राफी यंत्र विकण्यावर बंदी आली. आज नोएडात फक्त घोटे-गुडघे तपासायचे असले, तरी यंत्राची नोंदणी लागते आणि गर्भलिंग सांगितलं जात नाही असा फलक लावावा लागतो.

2012 च्या नियमांनी हातात मावणाऱ्या यंत्रांचीही वाट आखून दिली: नोंदणी झालेल्या रुग्णालयात दाखल असलेल्यांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. क्रीडावैद्यकाला हे जाचतं. सामना चालू असताना मैदानाच्या कडेलाच लिगामेंट पाहता आलं तर खेळाडूचा फायदाच आहे. तरीही, ज्या देशात याच यंत्राच्या आधाराने मुली जन्माआधीच संपवल्या गेल्या, तिथे लंगडत्या खेळाडूने तपासणी केंद्रापर्यंत यावं, हे मला रास्त वाटतं.