आधी कान, मग पाना

पांढरा शर्ट घालून आला असाल तर तो आधी काढा आणि त्या खिळ्याला टांगा. हा 1962 सालचा भायखळा आहे, मे महिन्यातली दुपार आहे आणि डोक्यावर पत्रा आहे. कपाळावरचा घाम थेट डोळ्यांत उतरतो. पुसायला हात वर न्याल तर भुवईवर काळी पट्टी उमटेल. खुशाल पुसा. इथे सगळ्यांच्याच भुवईवर ती आहे.

वास ओळखून घ्या. पेट्रोल, तापलेलं ऑइल, कोपऱ्यातल्या पेंटरच्या थिनरचा डोकं हलकं करणारा दर्प, आणि या सगळ्यांतून वाट काढत येणारा समोरच्या इराण्याकडच्या पावाचा खमंगपणा. बाहेर ट्राम खडखडत जाते, व्हिक्टोरियाचा घोडा खूर आपटतो. आत डेंटर मडगार्डवर असा हातोडा चालवतोय की शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागतं. एवढ्या गोंगाटात मिस्त्री मात्र डोळे मिटून एकच आवाज ऐकताहेत. तुमच्या गाडीचा.

ती बघा, खड्ड्यावर उभी केलेली डुक्कर फियाट. पुढे आलेलं गोल नाक, उलटी उघडणारी पुढची दारं, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. तुमच्या काळात लोक हिच्यासोबत फोटो काढतात. इथे ती रोज ऑफिसला जाणारी साधी गाडी आहे, आणि आज चारांपैकी तीनच सिलिंडरवर चाललीय. बोनेटवर हात ठेवा. चटका बसेल, पण थरथर कळेल: धक-धक-धक, मग एक ठोका गायब.

‘कार्बोरेटरच नवा टाकू या,’ असं तुमच्या तोंडून निघून जातं. मिस्त्री पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवतात. परदेशी पार्ट मिळवायचा तर चोरबाजारात खेटे घाला, आणि मिळालाच तर तो तुमच्या शेजाऱ्याच्या गाडीचा निघायचा.

“साहेब, आधी कान. मग पाना.”

इंजिन चालू ठेवूनच ते प्लगची एकेक वायर उपसतात. पहिली काढली, इंजिन आणखी लटपटलं. वायर परत लावली. दुसरी काढली, पुन्हा लटपटलं. तिसरी काढली आणि काहीच फरक पडला नाही. चोर सापडला. चौथी तुम्ही काढा म्हणतात. तुम्ही उघड्या हाताने धरता, कोपरापर्यंत झिणझिण्या येतात आणि पोऱ्या पोट धरून हसतो. मिस्त्री कोरड्या चिंधीत गुंडाळून वायर धरत होते, हे तुम्ही पाहिलंच नव्हतं.

आता तिसरा प्लग काढून उजेडात धरा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त येतंय, पांढरंफटक असेल तर कमी, आणि ओलं तेलकट असेल तर रिंगा गेल्या. तुमचा प्लग पेट्रोलने भिजलाय, म्हणजे पेट्रोल पोचतंय पण जळत नाही. प्लग बॉडीला टेकवून ठिणगी बघा. निळी, कडकडणारी. पिवळी, मलूल असती तर मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर उघडून पॉइंट घासले असते आणि त्यांची फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी ठेवली असती. तरीही खात्री म्हणून दुसऱ्याचा प्लग तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा दुसऱ्यात टाकून पाहतात. तिसरा सिलिंडर ढिम्मच.

“अंगठा द्या.”

चारही प्लग काढलेत, पोऱ्या पुढून हँडल फिरवतोय. पहिल्या भोकावर अंगठा दाबा: फट्! उडवून लावला. दुसरा, चौथा तसेच. तिसऱ्यावर नुसती फुंकर. मिस्त्री तिथे चमचाभर ऑइल सोडतात आणि पुन्हा अंगठा ठेवायला लावतात. दाब वाढला असता तर दोष रिंगांचा. वाढत नाही. मागे जाऊन सायलेन्सरला कान लावा, ‘स्स्स’ ऐकू येईल. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही. अजून एक नटसुद्धा ढिला केलेला नाही, आणि नेमकं काय उघडायचं ते ठरलंय.

रेडिएटर गार झाल्यावर आधी पाणी सोडलं जातं. (कालच्या गिऱ्हाइकाच्या रेडिएटरमधून पाण्याबरोबर हळद निघाली. घाटात गळती लागली म्हणून कुणी तरी मूठभर टाकली होती, आणि त्यावर गाडी मुंबईपर्यंत आली.) हेड उतरतं. व्हॉल्व्हच्या कडेला जळका खड्डा पडलाय, पण घासून निघण्याजोगा. रबरी टोपीची काठी व्हॉल्व्हला चिकटवा, कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावा आणि दोन्ही तळव्यांत काठी रवीसारखी घुसळा. उचला, थोडं फिरवा, पुन्हा घुसळा. आधी जाड पेस्ट, मग बारीक. खर्र-खर्र आवाज मऊ होत जातो, तळवे जळजळायला लागतात. बाहेरून दोन ट्रामी गेल्या तरी मिस्त्रींची मान आडवीच. व्हॉल्व्हवर आणि त्याच्या बैठकीवर सलग, मंद राखाडी कडं उमटलं की थांबायचं. मग पेस्टचा कण न् कण धुवायचा, व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं आणि चहा घ्यायचा. बशीतला चहा संपेपर्यंत खाली थेंब आला नाही, तर काम पास.

नवी गॅस्केट, वर हेड. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, फेऱ्याफेऱ्यांनी आवळा. एका टोकाचा नट पहिल्याच फटक्यात घट्ट केलात तर हेड वाकेल आणि मिस्त्री तुम्हाला पोऱ्याच्या हाताखाली ठेवतील.

सेल्फ मारा. चार ठोके, एकसारखे. बोनेटवर ठेवलेला चहाचा ग्लास सरकत नाही.

जुनी गॅस्केट वर्तमानपत्रात गुंडाळून मिस्त्री तुमच्या हातात देतात. पुढची कापून घ्यायची वेळ आली तर माप लागतं. मग फर्मावतात, “पाचशे मैल चालवा आणि परत या. इंजिन पूर्ण गार असताना हेड पुन्हा आवळायचंय. विसरलात तर गॅस्केट उडणार.”

तुम्ही चाचरत म्हणता, की मी जरा लांबून आलोय.

“ठाण्याहून?” मिस्त्री हात पुसत विचारतात. “मग काय झालं! पहाटे निघा, इथे गाडी गार होऊ द्या. दुपारी आवळू.”