पानावरचं नाव

१९३८च्या मार्चमधला एक धनादेश. रक्कम ४१२ डॉलर. त्यातले १३० डॉलर एका नव्या नायकाच्या पहिल्या १३ पानांचे, आणि त्याच रकमेत त्या नायकावरचे सगळे हक्कही प्रकाशकाकडे गेले. नायक होता सुपरमॅन. लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शूस्टर, दोघेही क्लीव्हलंडचे, ऐन विशीतले. धनादेशावर दोघांच्याही नावांचं स्पेलिंग चुकलं होतं. त्यामुळे पैसे घेताना पाठीमागे प्रत्येकाला दोनदा सही करावी लागली, एकदा चुकलेल्या नावाने आणि एकदा खऱ्या.

आज कॉमिक्सच्या पहिल्या पानावर एक छोटी चौकट असते. कथा कोणाची, पेन्सिलचित्रं कोणाची, शाई कोणी फिरवली, अक्षरं कोणी लिहिली, रंग कोणी भरले, हे तिच्यात छापलेलं असतं. आपण ती न वाचताच गोष्टीत शिरतो. पण ही चौकट कोणा प्रकाशकाच्या मनाच्या मोठेपणातून आलेली नाही. वाचकांनी नुसत्या रेषेवरून माणूस ओळखला, काही चित्रकार हट्टाला पेटले, आणि जवळजवळ ८० वर्षांत ती थोडी थोडी रुंदावत गेली.

अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांवर चित्रकाराची सही असायची, कारण पट्टी त्याच्या नावावर विकली जायची. १९३०च्या दशकात कॉमिक्सची स्वतंत्र पुस्तकं निघू लागली आणि हिशेब बदलला. दर महिन्याला पानांचे ढीग लागत. न्यूयॉर्कमध्ये चित्रांचे कारखानेच उभे राहिले. विल आयस्नर आणि जेरी आयगर यांनी १९३६मध्ये काढलेला स्टुडिओ त्यातला एक. एक जण पेन्सिलने आखणार, दुसरा शाई फिरवणार, तिसरा फुग्यांतली अक्षरं लिहिणार. मोबदला पानामागे ठरलेला. आपल्याकडे माणसं पुष्कळ आहेत असं दिसावं म्हणून आयस्नर वेगवेगळ्या टोपणनावांनी काढायचा. ‘रेन्सी’ हे त्यातलं एक, म्हणजे त्याचंच आडनाव उलटीकडून. पात्र मालकाचं, चित्रकार बदलता येण्याजोगा, असा हा धंदा होता. त्यात खरं नाव छापण्याची गरजच कोणाला वाटली नाही.

बॅटमॅनच्या बाबतीत तर नाव छापलं जायचं, पण एकाचंच. १९३९पासून प्रत्येक गोष्टीवर बॉब केनची सही असे. करारच तसा होता. बिल फिंगर या लेखकाने बॅटमॅनचा टोप, झगा, ब्रूस वेन हे नाव, गॉथम हे शहर अशा कितीतरी गोष्टी सुचवल्या होत्या; त्याचं नाव कुठेच नव्हतं. डिक स्प्रँग या चित्रकाराला १९४१मध्ये काम मिळालं. केन सैन्यात गेला तर अंक अडायला नकोत म्हणून संपादकांनी स्प्रँगकडून पानं आधीच काढून घेऊन ठेवली. ती १९४३पासून छापली जाऊ लागली, केनच्या सहीनेच.

स्प्रँगचं पान एकदा ओळखीचं झालं की पुन्हा चुकत नाही. अवाढव्य टंकलेखन यंत्रावर बॅटमॅन आणि रॉबिन धावताहेत, पायाखालची एकेक कळ स्टुलाएवढी. दृश्य उंचावरून पाहिलेलं, तरी एकही वस्तू तोल सोडून वेडीवाकडी होत नाही. हनुवट्या रुंद, खलनायकांचं हसू कानापर्यंत. रिडलर हा खलनायक १९४८मध्ये पहिल्यांदा दिसला तो फिंगरच्या लेखणीतून आणि स्प्रँगच्या हातून. १९६०च्या दशकात स्प्रँग निवृत्त झाला. तोवर दोन पिढ्यांच्या मनातला बॅटमॅन त्याने घडवला होता आणि त्यांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

कार्ल बार्क्सची गोष्ट याच काळातली. डिस्नेच्या डोनाल्ड डकच्या कॉमिक्सवर सही फक्त वॉल्ट डिस्नेची. बार्क्स १९४०च्या दशकापासून त्या गोष्टी स्वतः लिहीत होता, स्वतः काढत होता. १९४७मध्ये त्याने अंकल स्क्रूज हा कंजूष बदक-काका जन्माला घातला. देशोदेशींची मंदिरं, डोंगर, बाजार काढताना तो ‘नॅशनल जिऑग्राफिक’चे अंक समोर ठेवायचा, म्हणूनच त्याच्या बदकांच्या मागचे कडे आणि अवशेष खऱ्या जगातले वाटतात. नाव माहीत नसलेल्या मुलांनी त्याला स्वतःच एक नाव दिलं: बदकं छान काढणारा. एकाच अंकात चार जणांची बदकं असली तरी यातली ‘त्याची’ कोणती, हे ती अचूक सांगत. त्यातल्याच जॉन स्पायसर या वाचकाने चिकाटीने नाव-पत्ता मिळवला आणि १९६०मध्ये बार्क्सला पत्र लिहिलं. बार्क्स तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होता. कोणा ओळखीच्याने चेष्टा केली असणार, असंच त्याला आधी वाटलं.

इथे या रिवाजाचं मूळ मला सापडतं. नाव छापलं जाण्याआधी ते वाचकाच्या नजरेत तयार झालेलं होतं.

प्रकाशकांमध्ये हे आधी ओळखलं विल्यम गेन्सच्या ईसी कॉमिक्सने. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे चित्रकारांना सही करू दिली जात होती, इतकंच नव्हे, अंकात एकेका चित्रकाराचा परिचयही छापला जाई. आपली रेषा आपल्या नावाने ओळखली जाणार म्हटल्यावर माणसं जीव ओतून काम करू लागली. बर्नार्ड क्रिगस्टाइनला १९५५मध्ये ‘मास्टर रेस’ ही सहा पानांची गोष्ट मिळाली. छळछावणीचा जुना अधिकारी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका माणसाला पाहून हादरतो, अशी ती गोष्ट. क्रिगस्टाइनने बारा पानं मागितली, भांडून आठ मिळवली. मग अक्षरं लिहून तयार झालेली पानं त्याने कापली आणि चौकटी नव्याने जुळवल्या. धावत्या गाडीसाठी उभ्या अरुंद चौकटी एकापुढे एक ठेवल्या. खिडकीतला तोच चेहरा पुन्हा पुन्हा उमटत जातो आणि वाचताना डोळ्यांसमोरून गाडी खरोखर सुटते. काळ कागदावर कसा कापावा, याचा तो धडाच आहे. पुढे कॉमिक्ससाठीच्या सेन्सॉर नियमावलीमुळे ईसीचे हे अंक बंद पडले.

१९६०च्या दशकात मार्व्हलने ती चौकट नेमाने छापायला घेतली, तीही शाईकार आणि अक्षरकारासकट. आर्टी सिमेक, सॅम रोझेन या अक्षरकारांची नावं मुलांना पाठ झाली. पण कथानक मुळात कोणी रचलं, हा वाद त्या चौकटीनेही मिटला नाही. स्टीव्ह डिटको या चित्रकाराला स्पायडरमॅनच्या कथानकाचं श्रेय १९६५मध्ये मिळालं. जॅक कर्बी या चित्रकाराच्या वारसांशी तडजोड व्हायला २०१४ उजाडलं.

सुपरमॅनच्या गोष्टींवरची सीगल आणि शूस्टरची नावं १९४०च्या दशकाच्या अखेरीस, कोर्टबाजीनंतर, पुसली गेली होती. १९७५मध्ये सुपरमॅनच्या मोठ्या चित्रपटाची तयारी सुरू असताना सीगल हलाखीत होता आणि शूस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे दोन चित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले. दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर द्यायला कंपनी राजी झाली, पण रॉबिन्सन नावाच्या मुद्द्यावर अडून बसला. त्यानंतर सुपरमॅनसोबत त्याच्या निर्मात्यांची नावं पुन्हा येऊ लागली. फिंगर १९७४मध्ये वारला; त्याच्या नातीने आणि मार्क टायलर नोबलमन या लेखकाने पाठपुरावा केल्यावर २०१५मध्ये बॅटमॅनपुढे केनसोबत त्याचं नाव आलं.

आपल्याकडे, मुंबईत १९६७मध्ये अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ सुरू झाली. तिच्या अंकांत लेखकाबरोबर चित्रकाराचं नावही छापलं जायचं. तरीही पैंचं नाव घरोघरी पोहोचलं आणि राम वाईरकर, प्रताप मुळीक ही नावं चित्रांच्या मानाने फारच कमी जणांना आठवतात. आपल्या मनातला बाळकृष्ण पुष्कळसा वाईरकरांच्या रेषेतला आहे. ‘टिंकल’मधला सुप्पंडी त्यांनीच रंगरूपाला आणला. हॅटखाली डोळे झाकलेला शिकारी शंभू वसंत हळबे यांच्या हातचा. म्हणजे नाव छापणं हे अर्धंच काम. ते वाचणं आणि पुढच्याला सांगणं हे उरलेलं अर्धं.

जुन्या अंकांत रंग भरणाऱ्यांची आणि अक्षरं लिहिणाऱ्यांची यादी अजून बरीच कोरी आहे. घरात जुने अंक असतील तर पहिल्या पानावर नाव शोधा. सापडलं तर मुलांना गोष्ट सांगताना चित्रकाराचं नाव आधी सांगा. नाव नसेल तर रेषा नीट पाहा, तोच हात दुसऱ्या अंकांत शोधा आणि सापडेल ते लिहून ठेवा. बदकं छान काढणाऱ्याला शोधणाऱ्या मुलांनी हेच केलं, आणि त्यांच्यामुळे आज कार्ल बार्क्स हे नाव आपल्याला माहीत आहे.