कोंबडीचे पीस आणि शेळीचे कोटीपोट

कोंबडीच्या पिसांत प्रथिनांचे प्रमाण शेकडा 80 हून अधिक असते, तरीही कच्ची पिसे शेळीला चारली तर त्यांतले फारसे काही तिच्या अंगी लागत नाही. कारण पिसातील केराटिनाचे रेणू गंधकाच्या बंधांनी असे जखडलेले असतात की पाचकरसांची मात्रा त्यांवर चालत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत कुक्कुटपालनाला कारखानदारीचे स्वरूप आले, कत्तलखान्यांमागे पिसांचे व आतड्यांचे ढीग साचू लागले, आणि त्यांची वासलात लावण्याच्या विवंचनेतूनच दाबाखालील वाफेने ते बंध तोडून पिसांचे पचनीय पीठ करण्याची रीत रूढ झाली. कोंबडखतातील युरिक आम्लाचा नत्रही शेळीच्या कोटीपोटातील सूक्ष्म जीव आपल्या घडणीस लावतात, आणि पुढे तेच जीव पचून तिला प्रथिन पुरवतात. निरुपयोगी द्रव्यातून दूध निर्माण करणारे हे सामर्थ्य मला सृष्टीतील थोर आश्चर्यांपैकी एक वाटते.

परंतु 1986 साली ब्रिटनमध्ये गायींच्या मेंदूची चाळण करणारा रोग ओळखला गेला, आणि गुरांच्याच मांसाहाडांचे पीठ गुरांना चारल्याने तो फैलावल्याचे निष्पन्न होताच, 1988 साली तेथील सरकारने रवंथ करणाऱ्या प्राण्यांपासून काढलेली प्रथिने रवंथ करणाऱ्यांनाच चारण्यास मनाई केली. युरोपीय संघाने 1994 मध्ये सस्तन प्राण्यांच्या मांसाहाडांचे पीठ रवंथ करणाऱ्यांना वर्ज्य ठरवले, आणि जानेवारी 2001 पासून, काही अपवाद वगळता, बहुतेक सर्व प्राणिज प्रथिने पाळीव जनावरांच्या खाद्यातून काढून टाकली. यात कोंबडीचे पीठही गेले. त्याच्यावर दोष शाबीत झाला होता म्हणून नव्हे, तर एकदा दळल्यावर कोणते पीठ कोणत्या प्राण्याचे याची खात्री देणे दुरापास्त होते म्हणून. अमेरिकेने मात्र 1997 च्या नियमात कुक्कुटजन्य प्रथिनांना मोकळीक ठेवली. कोंबड्यांच्या सांडलेल्या खाद्यातून गुरांचे पीठ खतात मिसळते या भीतीने 2004 मध्ये तेथे कोंबडखत चारण्यावर बंदी जाहीर झाली, पण ती अंमलात आली नाही.

युरोपचा हुकूम अतिरेकी होता, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. फ्रान्समध्ये 2000 साली जन्मलेल्या व 2002 मध्ये कापलेल्या एका शेळीला हाच रोग झाल्याची निश्चिती जानेवारी 2005 मध्ये झाली, म्हणजे संकट गायीच्या गोठ्यापुरते राहिले नव्हते. 2021 साली संघाने डुकरांना कोंबडीचे आणि कोंबड्यांना डुकराचे प्रथिन चारण्याची मुभा दिली. शेळीस ती दिली नाही, आणि माझ्या मते तेच योग्य झाले.